क्लचचे बोल्ट आवळताना
साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासकडे गाडी चढवायची म्हणजे क्लचची कसोटीच, म्हणून प्रेशर प्लेटचे, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाचे, बोल्ट आवळण्यात घाई करू नका. क्लच प्लेट बरोबर मध्यावर धरून सगळे बोल्ट आधी हाताने लावा आणि मग समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा देत आवळत जा. एकच बाजू आधी ओढली, तर प्रेशर प्लेटचे कव्हर वाकते आणि गाडी जागेवरून उचलताना थरथरते. शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘टक्’ करणाऱ्या पान्यानेच, मॅन्युअलमधला आकडा लावून द्या आणि ‘टक्’ झाले की थांबा. मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल, तर आट्यांना तेल लावू नका, कारण घर्षण घटल्यामुळे त्याच आकड्याला बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. इंजिनाच्या हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट मात्र साधारणपणे मधून कडांकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत.