डाळ निवडता येते, क्वार्क नाही

प्रश्न : मुलगी बीएस्सीला आहे. तिच्या पुस्तकात लिहिलंय की डाऊन आणि स्ट्रेंज हे क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण) एकमेकांत मिसळलेले असतात. माझं किराणा दुकान आहे. तूरडाळीत मूगडाळ सांडली तर आम्ही निवडून वेगळी करतो. क्वार्कचं तसं का होत नाही? आणि हे कळून फायदा काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : घोळ 'मिसळणे' या शब्दाने घातलाय. मीही वर्गात वर्षानुवर्षं 'मिश्रण' म्हणूनच शिकवलं आणि दर वर्षी कुणीतरी बाकावरून तुमचाच प्रश्न विचारला. इथे दोन जिनसा एकत्र सांडलेल्याच नाहीत. मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच.

माझ्या माहेरचं रान सांगते. बांध पूर्व-पश्चिम. पण जमिनीला उतार, म्हणून वडील नांगराची तासं उताराला आडवी काढत. ती बांधाला तिरकी जात. अशा एका तासावरून शंभर पावलं चाललात, तर पूर्वेला ९७ पावलं सरकलात आणि नकळत उत्तरेलाही २२. आता पूर्व आणि उत्तर 'मिसळल्या' असं कुणी म्हणेल का?

क्वार्कच्या रानात बांध घालतं वस्तुमान. हलका तो डाऊन, जड तो स्ट्रेंज. तासं काढतं क्षीण बल, निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एक. क्वार्कची जात बदलायचं काम हे एकटंच बल करतं. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत मोडून प्रोटॉन होतो, तो याच्यामुळेच. अप या तिसऱ्या क्वार्कची जोडी लावताना हे बल निव्वळ डाऊन निवडत नाही, आपल्या तिरक्या तासानेच जातं. तिरकेपणा सुमारे १३ अंशांचा. माझी ९७ आणि २२ पावलं त्याच कोनाची आहेत. क्वांटमच्या हिशेबात पावलांचा वर्ग करायचा, म्हणजे शंभरात ९५ वाटे डाऊनचे, ५ स्ट्रेंजचे. स्ट्रेंज कण मोडताना क्षीण बल विसेक पटींनी आणखी क्षीण का भासतं, याचं उत्तर त्या पाचात आहे.

हा कोन निकोला काबिबो या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडला, वयाच्या २८व्या वर्षी. गंमत म्हणजे तेव्हा क्वार्कच नव्हते. ती कल्पना १९६४ ची.

त्याच १९६४ मध्ये अमेरिकेत क्रोनिन आणि फिच यांच्या प्रयोगात दिसलं, की दीर्घायुषी के-मेसॉन (स्ट्रेंज क्वार्क असलेले कण) हजारात साधारण दोनदा 'निषिद्ध' वाटेने मोडतात. म्हणजे द्रव्य आणि प्रतिद्रव्य (द्रव्याचं उलट विद्युतभाराचं जुळं) यांना निसर्ग अगदी सारखं वागवत नाही. का, ते काबिबोंच्या एका कोनातून निघेना. जपानमध्ये क्योटोत कोबायाशी आणि मास्कावा हे भौतिकशास्त्रज्ञ आधी चार क्वार्क घेऊन झगडले. जमेना. मास्कावा सांगत, की चारांचा नाद सोडायचा असं आंघोळीच्या टबात ठरवलं आणि उठता उठता सहा सुचले. सहा क्वार्क, म्हणजे तीन जोड्या, घेतल्या की तीन कोनांखेरीज एक जास्तीची संख्या उरते. कितीही नावं-खुणा बदला, ती पुसता येत नाही. द्रव्य-प्रतिद्रव्यातला भेद तिच्यातून येतो. रानाचा दाखला इथे मात्र थकतो, ओढून ताणून नेत नाही.

त्यांचा निबंध १९७३ चा. तेव्हा माहीत होते तीनच क्वार्क! चौथा १९७४ मध्ये सापडला, पाचवा १९७७ मध्ये, सहावा थेट १९९५ मध्ये. २००१ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या बेल आणि कॅलिफोर्नियातल्या बाबार प्रयोगांनी बी-मेसॉनमध्ये (पाचवा क्वार्क असलेल्या कणांत) तो भेद मोजला. २००८ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल कोबायाशी आणि मास्कावांना मिळालं, उरलेलं अर्धं वेगळ्या कामासाठी भौतिकशास्त्रज्ञ नांबू यांना. काबिबो वगळले गेले, आणि मला ते आजही पटलेलं नाही.

फायद्याचं म्हणाल, तर दुकानात काही नाही. विश्वात प्रतिद्रव्य उरलं नाही आणि आपण उरलो, याचंही पूर्ण उत्तर यातून मिळत नाही. सापडलेला भेद त्याला फार तोकडा पडतो. पण मुलीला सांगा, बेल प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळीही होती, आणि पुढच्या बेल-२ मध्येही आहेत. कुलाबा कराडहून एका रात्रीच्या एसटीवर आहे.