ध्रुवीय समुद्र तापल्याने तेथील प्लवक वाढेल की घटेल?

बर्फ वितळून पाण्यात अधिक ऊन पोहोचले तर ध्रुवीय समुद्रातील प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत राहणारे सूक्ष्म वनस्पती-प्राणी, वाढेलच, मग त्यात हानी कोणती, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवतो आणि ही शंका मला वर्गातही अनेकदा विचारली जाते.

वाढ झाली आहे, हे खरेच. उपग्रहांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासानुसार १९९८ ते २०१८ या काळात आर्क्टिक महासागरातील वनस्पतिप्लवकाचे उत्पादन सुमारे ५७ टक्क्यांनी वाढले. परंतु आमच्याकडे दूध संस्थेत दर ठरतो तो केवळ लिटरवर नव्हे, फॅट किती लागले हेही पाहावे लागते. या समुद्राचा हिशेबही तसाच करावा, असे माझे मत आहे.

तेथील कॅलॅनस ग्लेशियालिस हा काही मिलिमीटर लांबीचा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गोतातला चिमुकला प्राणिप्लवक, अंगात भरपूर चरबी साठवतो आणि मासे, पक्षी त्या चरबीवर पोसले जातात. वसंतात बर्फाच्या तळाशी वाढणारे शेवाळ खाऊन त्याची मादी अंडी घालते, म्हणजे काही आठवड्यांनी उघड्या पाण्यात वनस्पतिप्लवकाला बहर येतो तेव्हा पिल्ले नेमकी खाण्याच्या वयात आलेली असतात. बर्फ लवकर फुटला की बहरही अलीकडे सरकतो, पिल्लांची वाढ मात्र थंड पाण्याच्या संथ गतीनेच होते, आणि हा मेळ चुकू शकतो. त्यातच अटलांटिकच्या उबदार पाण्याबरोबर कॅलॅनस फिनमार्चिकस ही लहान, कमी चरबीची जात उत्तरेकडे येते. स्पिट्सबर्गेन या आर्क्टिकमधील नॉर्वेच्या बेटाच्या ज्या किनाऱ्यांवर हे पाणी अधिक पोहोचते, तेथे लिटल ऑक या चिमुकल्या समुद्रपक्ष्याला पिल्लासाठी चरबीदार घास शोधत दूरवर उडावे लागते.

दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाभोवती, क्रिल या कोळंबीसारख्या लहान प्राण्यांची गोष्ट याच वळणाची आहे. क्रिलच्या डिंभांचा, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लांचा, पहिला हिवाळा बऱ्याच अंशी बर्फाखालचे शेवाळ खाऊन निभावतो. नैऋत्य अटलांटिकच्या बाजूला गेल्या काही दशकांत क्रिल अधिक दक्षिणेकडे सरकले आहेत. सॅल्प हे पाणीदार, जेलीसारखे प्राणी मात्र बर्फ नसलेल्या उबदार पाण्यात चांगले वाढतात, पण तेवढ्याच वजनाच्या क्रिलच्या मानाने त्यांच्यात पोषण फारच थोडे असते, त्यामुळे क्रिलवर जगणाऱ्या पेंग्विनांची किंवा देवमाशांची भूक त्यांनी भागत नाही.