चाईवर बिब्बा लावू नका

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. महिन्यापूर्वी त्याच्या डोक्याला मागच्या बाजूला रुपयाएवढी चाई पडली, आता शेजारी दुसरी दिसते. कांद्याचा रस चोळतोय. सासूबाई म्हणतात, बिब्बा घासला की केस येतात. मुलाने मोबाइलवर नव्या गोळीबद्दल वाचलंय, त्याला तीच हवी आहे. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी तो बिब्बा घराबाहेर ठेवा. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येऊन पाणी सुटतं. बिब्बा लावून डोकं सोललेली मुलं माझ्या दवाखान्यात येतात, फार वाईट वाटतं. चाईत केसांची मुळं शाबूत असतात. पण भाजून खोल व्रण पडला तर ती मुळंच जातात.

चाईत किडा केस खात नाही, न्हाव्याच्या मशीननेही ती होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठते. म्हणून ती कुणाला लागत नाही. मुलाला वर्गात कुणी लांब बसवत असेल तर हे शिक्षकांना जरूर सांगा. उजेडात चाईची कड पाहा. जागा गुळगुळीत आणि कडेला मुळाशी बारीक झालेले तोकडे केस असतील तर ती चाईच. कोंड्यासारखे पापुद्रे, खाज असेल तर गजकर्ण असू शकतं, त्याचं औषध वेगळं.

कांद्याचं म्हणाल तर २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी तो खरंच लावून पाहिला. सहा आठवड्यांत कांदावाल्या २३ पैकी २० जणांना केस आले, नुसतं पाणी लावलेल्या १५ पैकी दोघांना. ऐकायला छान, पण माणसं फारच थोडी. शिवाय लहान चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरते आणि श्रेय शेवटी जे लावलं त्याला मिळतं. आग होत नसेल तर लावू द्या, त्यावर विसंबू नका. माक्याचं तेल बाकीच्या केसांना खुशाल लावा.

त्याच्या दोन चायांना त्वचारोगतज्ज्ञ बहुधा स्टेरॉइडचं मलम देतील किंवा दर चार-सहा आठवड्यांनी तिथेच बारीक सुईने इंजेक्शन. पहिले केस पांढरे, लवेसारखे येतील, घाबरू नका.

नवी गोळी खरी आहे. अमेरिकेत बॅरिसिटिनिब या गोळीला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी, तशाच रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये बारा वर्षांपुढे मान्यता मिळाली. ज्यांचं डोकं, भुवया सगळं गेलं होतं अशांना तिने केस दिले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती प्रतिकारशक्ती दाबते. आपल्याकडे आधी टीबीची तपासणी हवीच, मग रक्ताच्या तपासण्या चालूच, आणि थांबवली की केस पुन्हा जाऊ शकतात. दोन चायांसाठी मी ती देणार नाही.

याच आठवड्यात त्याला दाखवून घ्या, थायरॉइड तपासा. भुवईत चाई पडली किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले, तर तेही डॉक्टरांना आवर्जून दाखवा.