पौल वाचायचा तर रोमकरांसपासून सुरुवात करू नका

‘रोमकरांस पत्र तीनदा हातात घेतलं, तीनदा ठेवून दिलं. पौलाचं चरित्र आणि विचार समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?’ असं तुम्ही विचारलंय. माझीही गाडी तिथेच अडली होती. पौल हा पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित, आणि बायबलच्या नव्या करारात त्याची पत्रं काळानुसार लावलेली नाहीत. मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली आधी, व्यक्तींना लिहिलेली नंतर, आणि दोन्हीकडे साधारण मोठ्याकडून लहानाकडे. म्हणून सगळ्यांत अवघड पत्र दारातच उभं!

तुम्ही फिलेमोनापासून सुरू करा. जेमतेम २५ वचनं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. बंदिवासातला पौल त्याला परत पाठवतोय, पण दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार असं सांगून. ‘त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड,’ असं तो म्हणतो आणि लगेच, तू स्वतःच माझं देणं लागतोस हे मी काढत नाही, अशी मखलाशीही करतो. वर, माझ्यासाठी खोली तयार ठेव. पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. चारचौघांत नाही म्हणायची सोय कुठे राहिली?

मग करिंथकरांस पहिलं. करिंथच्या मंडळीनं पौलाला काहीतरी लिहून विचारलंय, पण ते पत्र आपल्याकडे नाही; फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकावं तसं. आठव्या अध्यायातला मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा वाद आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. शेजाऱ्यांनी प्रसाद आणून दिला की तोच प्रश्न दारात येतो.

चरित्रासाठी गलतीकरांसचे पहिले दोन अध्याय आणि नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा नववा समोरासमोर ठेवा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर ख्रिस्ताचं दर्शन झालं, त्या अनुभवानंतर यरुशलेमेला जायला आपल्याला तीन वर्षं लागली, असं पौल म्हणतो. ‘कृत्यां’त ते फार लवकर घडल्यासारखं वाटतं. मी अशा वेळी पत्राला झुकतं माप देतो. तारखांना मोठा आधार ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखाचा: त्यावरून गल्लियो इ.स. ५१-५२च्या सुमारास अखया या रोमी प्रांताचा सुभेदार होता असं ठरतं, आणि ‘कृत्यां’त पौल करिंथमध्ये त्याच्यासमोर उभा राहतो.

पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत, पण निर्विवाद त्याचीच अशी ७च मानली जातात. आधी तीच वाचा. रोमकरांस सगळ्यांत शेवटी, आणि तेही सोळाव्या अध्यायापासून. तिथे बहुधा पत्र घेऊन जाणारी फिबी आहे, लेखनिक तर्तियस मध्येच स्वतःचा सलाम घुसडतो, आणि नावांची लांबलचक यादी आहे. त्या माणसांना भेटून मग पहिल्या अध्यायाकडे या.