पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून परग्रहाचे वातावरण कसे ओळखतात?

जमिनीवरची दुर्बीण आपल्याच हवेतून पाहते, मग दूरच्या ग्रहावरची वाफ आणि आपल्या हवेतली वाफ यांत फरक कसा करतात, असे आपण विचारले आहे. शंका अगदी रास्त आहे, कारण दोन्हींच्या शोषणरेषा, म्हणजे वायूने ठरावीक रंगांचा प्रकाश शोषल्यामुळे पडणाऱ्या गडद रेषा, वर्णपटात (प्रकाशाच्या रंगांच्या पट्ट्यात) मुळात एकाच जागी पडतात.

मी बीड जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवतो आणि वर्गात हे सांगताना शेतातलेच उदाहरण देतो. रब्बीची ज्वारी पुरुषभर वाढली की आत शिरलेले रानडुक्कर माळ्यावरून दिसत नाही. वाऱ्याने सगळेच रान डोलत असते, पण त्या डोलण्यातून कणसे हलवत एक रेघ पुढे सरकताना दिसली की जनावर कुठे आहे हे राखणदाराला नेमके कळते. इथेही तसेच आहे. आपल्या हवेच्या रेषा आर्द्रतेप्रमाणे गडद-फिकट होतात, पण जागा सोडत नाहीत. ताऱ्याच्या रेषाही जवळजवळ स्थिर असतात. ग्रह मात्र ताऱ्याभोवती वेगाने फिरत असल्यामुळे डॉप्लर परिणामाने, म्हणजे जवळ येणाऱ्या वा दूर जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलत असल्यामुळे, त्याच्या रेषा तासातासाला सरकतात.

एचडी २०९४५८ या ताऱ्याचा ग्रह साडेतीन दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो, आणि त्यातला अगदी किरकोळ भाग ग्रहाच्या वातावरणातून गाळून आपल्यापर्यंत येतो. समोरून जाण्याच्या त्या तीनेक तासांत ग्रहाचा आपल्या दिशेने असलेला वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने बदलतो. इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांनी चिलीतील पारानाल येथील ८.२ मीटरच्या दुर्बिणीवर, क्रायर्स या अवरक्त वर्णपटमापकाने, हे सरकणे टिपले आणि २०१० मध्ये त्या ग्रहावर कार्बन मोनॉक्साइड असल्याचे दाखवले. एकटी रेषा गोंगाटात बुडून जाते, म्हणून अशा अनेक रेषा ग्रहाच्या वेगानुसार जुळवून एकत्र मिळवाव्या लागतात. ग्रह सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर वेगाने फिरतो, हेही त्याच निरीक्षणातून मोजता आले. मला या पद्धतीचे सर्वांत मोठे कौतुक याचे वाटते.

अवकाशातली जेम्स वेब दुर्बीण हवेच्या वर आहे, हा तिचा मोठाच लाभ. पण तिचे वर्णपटमापक साधारण तीन हजार भागांत एक एवढाच तरंगलांबीतला फरक वेगळा दाखवतात, तर क्रायर्स लाखात एक. रेषांचे असे सरकणे पाहण्यासाठी ही बारीक नजरच लागते, म्हणून जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींना पर्याय नाही.

हा तारा साध्या डोळ्यांना दिसत नाही, द्विनेत्रीतून मात्र दिसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो बीडमध्ये जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या थोडे पश्चिमेला शोधावे.