कुत्रा फिरवायला नेताय? सायकलवाल्यांसाठी एवढं सांभाळा

लॅब्रडॉर घरी आणलात, मनापासून अभिनंदन! पण पहाटे तुम्ही त्याला पुण्यातल्या पाषाण-बाणेरकडे नेणार, तेव्हाच सायकलवालेही सुसाट निघालेले असतात.

सगळ्यात महत्त्वाचा पट्टा. आपोआप लांबणारा पट्टा रस्त्यावर नकोच. कुत्रा एका कडेला, तुम्ही दुसऱ्या, आणि मधे ताणलेली बारीक दोरी अंधुक उजेडात सायकलस्वाराला दिसतच नाही. तिच्यात अडकला की तो तोंडावर आपटतो, कुत्र्याच्या मानेलाही जबर हिसका बसतो. दीड मीटरचा साधा, जाड पट्टा घ्या.

- कुत्रा कडेच्या बाजूला, तुम्ही रहदारीच्या बाजूला.
- घंटी ऐकू आली की थांबा, पट्टा आखडा, त्याला बसवा. बसला की लगेच खाऊ.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे कुत्रा मोकळा सोडणं आणि सायकल दिसली की घाबरून हाक मारणं. गुणी कुत्रा धावत येतो तो नेमका चाकासमोर! ‘आमचा काही करत नाही हो’ हे खरं असेलही, पण सायकलवाला पडायला चावा लागत नाही.

पाळीव प्राण्यामुळे माणसाला इजा होऊ नये ही काळजी मालकाची. त्यातला हलगर्जीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कुणी पडलंच तर निघून जाऊ नका. दात लागला असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायला लावा, कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड घेऊन दवाखान्यात सोबत जा. बाकी ट्रेनिंगचं दोन-तीन महिन्यांनी बोलू.