अस्वल घरी का जात नाहीये?

प्रश्न: मला दोन मुलं आहेत. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार. मुलगा पोटात होता तेव्हापासून मी मोठ्यानं वाचत आले आहे. रोज रात्री झोपण्याआधी अर्धा तास पुस्तकांचा, त्यात खंड नाही. वाचून झालेल्या पुस्तकांची नावं वहीत लिहिते आणि गोष्ट संपली की मुलांना कळली का ते बघायला चार-पाच प्रश्न विचारते. एवढं करूनही गेलं वर्षभर मुलगा म्हणतो, मला पुस्तकं आवडत नाहीत. वाचायला बसवलं की जोडाक्षरांवर अडखळतो, जांभया देतो आणि सुटला की मोबाइल मागतो. धाकटी रोज तेच ते एकच पुस्तक पुढे करते. नवरा क्वचित कधी वाचतो, तेव्हा पानं गाळतो, चित्रविचित्र आवाज काढतो, मुलं खिदळत बसतात आणि झोपायला उशीर होतो. परवा तर मुलगा पांघरुणात टॉर्च घेऊन धाकटीला छत्री हरवलेल्या अस्वलाचं पुस्तक दाखवत होता, पण वाचत नव्हता, चित्रं बघून मनाला येईल ते सांगत होता. म्हणे अस्वल घरी जात नाहीये, कारण घरी गेलं की छत्री कुठे हरवली ते विचारतील. पुस्तकात असं काहीही नाही. नीट वाच, तिला चुकीचं सांगू नकोस, असं म्हटल्यावर त्यानं पुस्तक मिटून टाकलं. आता तो मोठा झालाय. मी त्याला वाचून दाखवणं बंद केलं तर तो आपणहून वाचायला लागेल का? मोबाइलचं काय करू? नवऱ्याला कसं समजावू?

उत्तर:

मोबाइल बाजूला ठेवूया, नवऱ्यालाही ठेवूया. परवाच्या रात्रीबद्दल बोलू.

तुम्ही ती रात्र ‘परवा तर’ म्हणत तक्रारींच्या रांगेत उभी केली आहे. मी तिथेच थांबले. पुस्तकं आवडत नाहीत म्हणणारा मुलगा, कुणी सांगितलेलं नसताना, झोपायची वेळ टळून गेल्यावर, पांघरुणात टॉर्च लावून बहिणीला पुस्तक दाखवतोय! ज्यासाठी तुम्ही इतकी वर्षं रोज रात्री बसलात, ते तुमच्या डोळ्यांसमोर घडत होतं. तुम्ही आत गेलात आणि ते थांबवलंत. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही, कारण तुम्ही मनापासून झटणाऱ्या आई आहात आणि अशाच आईला हे स्पष्ट सांगण्यात अर्थ असतो.

त्यानं सांगितलेलं वाक्य पुन्हा वाचा. अस्वल घरी जात नाहीये, कारण घरी गेलं की छत्री कुठे हरवली ते विचारतील. छापलेल्या मजकुरात बहुधा एवढंच असेल की अस्वलानं खूप शोधलं आणि ते थकून झाडाखाली बसलं. ते उठून घरी का गेलं नाही, हे लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. तुमच्या मुलाला ते खटकलं. त्याला कारण हवं होतं, म्हणून तो अस्वलाच्या मनात शिरला आणि कारण घेऊन बाहेर आला. अहो, गोष्ट वाचणं याहून वेगळं काय असतं? जाडजूड कादंबरी हातात घेऊन आपण मोठी माणसं हेच तर करत असतो. हे पात्र असं का वागलं, ते गप्प का राहिलं, निघून का गेलं. आठ वर्षांच्या मुलाला हे न शिकवता येतंय आणि तुम्ही त्याला ‘चुकीचं’ म्हणताय.

ते पुस्तक काढा आणि ते पान उघडा. चित्रपुस्तकात गोष्टीचा मोठा भाग चित्रकार सांगत असतो, आणि तो शब्दांत पुन्हा येतोच असं नाही. अस्वल मान खाली घालून बसलंय का? पाठमोरं आहे का? मागे कुठे घराचा दिवा दिसतोय आणि त्याचं तोंड दुसरीकडेच आहे, असं काही आहे का? आपले डोळे ओळीवरून सरकतात, ओळ संपली की हात पान उलटतो. ज्याला अक्षरं अजून जड जातात ते मूल चित्रात रेंगाळतं. मी ते पुस्तक पाहिलेलं नाही, पण तुमच्या मुलाला त्या पानावर तुम्हाला आजवर न दिसलेलं काहीतरी दिसलंय, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

आणि त्या अस्वलाला भीती कशाची वाटते? घरी विचारतील याची. हे त्याला कुठून सुचलं, याचा विचार मात्र तुम्ही करायचा आहे. मी फक्त तुमच्याच पत्रातलं तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या घरात प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चार-पाच प्रश्न उभे असतात.

तुम्ही म्हणाल, मुलांना प्रश्न विचारा असं तर जाणकारच सांगतात. खरं आहे. पण ते कसे प्रश्न सांगतात ते बघा. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी चित्रपुस्तक वाचण्याची निराळी पद्धत शिकवली. मुलाला बोलतं करायचं, ‘हो-नाही’त संपणार नाही असं विचारायचं, तो जे म्हणेल त्याला धरून पुढे जायचं, त्याच्या वाक्यात थोडी भर घालायची, आणि हळूहळू गोष्ट त्याच्या तोंडी द्यायची. दुसऱ्या गटातले पालक तितक्याच वेळा वाचत होते, पण आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. महिनाभरानं पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेलेली दिसली. या पद्धतीत शेवटी मूल सांगतं आणि मोठं माणूस ऐकतं. म्हणजे त्या पालकांना जिथे पोहोचायला शिकवलं जात होतं, तिथे तुमचा मुलगा परवा रात्री आपला आपणच पोहोचला होता, तेही स्वतःपेक्षा लहान मुलीला सोबत घेऊन.

तुमचे प्रश्न वेगळे आहेत. गोष्ट ‘कळली का ते बघायला’ असं तुम्हीच लिहिलंय. छत्रीचा रंग कोणता होता, अस्वलाला वाटेत कोण भेटलं, छत्री शेवटी कुठे सापडली. उत्तर आधीपासून तुमच्या हातात असतं आणि मुलाला ते बरोबर द्यायचं असतं. दिवसभर शाळेत हेच करून आलेलं मूल रात्री अंथरुणात पुन्हा हेच करतं. वर्षभरापूर्वीपर्यंत त्यानं तेही आनंदानं केलं असेल. आता त्याला अभ्यास आणि गोष्ट यांतला फरक कळू लागलाय, आणि तुमच्याकडे जी पुस्तकं येतात ती सगळी अभ्यासाच्या बाजूला गेली आहेत. ‘मला पुस्तकं आवडत नाहीत’ या वाक्याचा मी एवढाच अर्थ घेते. टॉर्चच्या उजेडातलं पुस्तक त्याला आवडत होतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. त्याला वाचून दाखवणं बंद करायचं का? नाही, अजिबात नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाबद्दल एक साधी मांडणी केली, ती आजही वापरात आहे. वाचता येणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं. दुसरी, ऐकलेली भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. तुमच्या मुलाची पहिली बाजू अजून तयार होतेय, जोडाक्षरं त्याला अडवतात. दुसरी बाजू किती भक्कम आहे ते त्या अस्वलानं दाखवून दिलं. ती बाजू भक्कम झाली ती तुमच्या वाचून दाखवण्यामुळेच, आणि तुम्ही नेमकं तेच थांबवायचं म्हणताय. त्याच्या कानांना जे पुस्तक पेलतं ते त्याच्या डोळ्यांना अजून पेलत नाही. वाचून दाखवणं बंद केलंत तर त्याच्या वाट्याला फक्त सोपी, त्याच्या बुद्धीपेक्षा लहान पुस्तकं येतील, आणि मग तो जांभया देईल यात नवल नाही. जोडाक्षरांचा सराव हवाच, तो दिवसा करा, थोडा वेळ आणि सोप्या मजकुरावर. रात्रीच्या अर्ध्या तासात त्याला जागा नाही.

धाकटीला तेच पुस्तक रोज द्या, बिनदिक्कत. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले, पण ते जास्त लक्षात राहिले पुन्हा पुन्हा तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. वहीतली यादी लांबावी म्हणून तिच्या हातातलं पुस्तक बदलू नका.

नवऱ्याबद्दल एकच सांगते. तो वाचतो तेव्हा मुलं खिदळतात, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही वाचता तेव्हा मुलं काय करतात, याबद्दल तुमच्या एवढ्या लांब पत्रात एक शब्द नाही. त्याला समजावायला जाऊ नका. एखाद्या रात्री बाजूला बसून बघा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण वरचं वाचून तुम्हाला वाटेल की सगळं वाया गेलं. मूल पोटात असल्यापासून वाचत आलात म्हणता. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अँथनी डीकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स या संशोधकांनी काही गर्भवतींना शेवटचे सहा आठवडे रोज एक ठरावीक उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला होता. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळांना दोन उतारे ऐकवले, एक तो आणि एक नवा. बाळं तोंडात दिलेली चोखणी चोखण्याची लय बदलून हवा तो उतारा ऐकू शकत होती, आणि त्यांनी पोटात असताना ऐकलेलाच निवडला, अगदी दुसऱ्या बाईच्या आवाजातसुद्धा. तुम्ही या मुलाला जन्मापासून काय दिलंय याची तुम्हालाच कल्पना नाही. तो आता तेच बहिणीला देऊ पाहतोय. त्याला तुमचाच हात अडवतोय, एवढंच दुःख आहे.

म्हणून आज रात्री एकच करायचं. अस्वलाचं पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, परवा मी मध्येच थांबवलं, माझं चुकलं, मला पण ऐकायचंय ते घरी का गेलं नाही. धाकटी त्याच्या शेजारी बसेल, तुम्ही खाली जमिनीवर बसा, जिथून पानावरचा मजकूर तुम्हाला दिसणार नाही. तो वाचेल किंवा रचेल, पानं गाळेल, मागे जाईल, अस्वलाला मध्येच विमानात बसवेल. तुम्ही बोलायचं नाही. पहिल्यांदा तो तुमच्याकडे बघेल, बरोबर आहे का ते तपासायला. तेव्हा मानेनंसुद्धा काही सांगू नका, फक्त विचारा, ‘मग काय झालं?’ कदाचित तो आज नाही म्हणेल, तुमच्यावर विश्वास बसायला त्याला वेळ लागू शकतो. नाही म्हणाला तर पुस्तक त्याच्या उशाशी ठेवून उठा आणि दार ओढून घ्या. आत टॉर्च लागला तर परवासारखं आत जाऊ नका.

वही बंद करा. महिनाभर एकाही गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारू नका. त्यानंतरही मोबाइलची तक्रार उरली असेल, तर मला पुन्हा लिहा, तेव्हा तिच्यावर सविस्तर बोलू.